हिटलर हवाय? मग हडर्सफील्डची गाडी पकडा

"आपल्या देशाला ना, एक हिटलरच पाहिजे."

मराठी घरात हे वाक्य फार सहज येतं. रस्त्यात खड्डा लागला, रांगेत कुणी घुसलं, पालिकेत फाईल अडली, की कुणीतरी चहाचा कप खाली ठेवून हे म्हणतं आणि बाकीचे माना डोलावतात. मी ते पुण्यात ऐकलंय, डोंबिवलीत ऐकलंय. या वेळी लीड्समध्ये ऐकलं, राउंडहे पार्कजवळच्या एका मराठी घरात, पोटभर जेवण झाल्यावर. बोलणारे काका मुलाकडे राहायला आलेले. सज्जन माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांची चौदा वर्षांची नात शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, प्लीज असं नका ना बोलू." काका हसले. "अगं, मी काय त्या अर्थाने म्हणतोय?"

मग कोणत्या अर्थाने, काका?

नातीला राग का आला ते समजून घ्या. इंग्लंडच्या सरकारी शाळांत होलोकॉस्ट हा इतिहासातला सक्तीचा विषय आहे, १९९१ पासून. युरोपातल्या साठ लाख ज्यूंची ठरवून, यादी करून केलेली हत्या. त्यात अंदाजे पंधरा लाख मुलं. ही मुलगी ते वर्गात शिकली आणि घरी येऊन ऐकलं काय, तर ते करणारा माणूस आपल्याला पाहिजे. तिने कुणाचं खरं मानायचं?

लीड्सला येणाऱ्या आईवडिलांची यादी ठरलेली असते. यॉर्कचं मिन्स्टर, हॅरोगेटचा चहा, हेडिंग्लीचं मैदान, विंडरमिअरच्या तळ्यात बोटीची फेरी, आणि निघायच्या आधी सगळ्यांसाठी खरेदी. चांगली यादी आहे. तीत एक नाव घालायला हवं. लीड्स स्टेशनवरून हडर्सफील्डची गाडी घ्या. साधारण अर्ध्या तासाचा प्रवास. तिथे विद्यापीठाच्या आवारात 'होलोकॉस्ट सेंटर नॉर्थ' आहे. लीड्स आणि आसपास येऊन राहिलेल्या, छळछावण्यांतून वाचलेल्या माणसांनी १९९६ मध्ये लीड्समध्ये एक संस्था काढली. एकमेकांना भेटावं, बोलावं, शाळांत जाऊन आपली कहाणी सांगावी, एवढाच सुरुवातीचा हेतू. त्याच संस्थेतून २०१८ मध्ये हे प्रदर्शन उभं राहिलं.

बर्लिनचं स्मारक भव्य आहे. २,७११ काँक्रीटचे ठोकळे. लोक त्यांच्यावर चढून सेल्फी काढतात, आणि त्यात आपली माणसंही असतात हे मला बोचतं. हडर्सफील्डला असं काही भव्य नाही. घरगुती फोटो आहेत, पत्रं आहेत, कागदपत्रं आहेत आणि त्या माणसांनी स्वतः सांगितलेली हकीकत आहे. माणसंही कोण? ब्रॅडफर्डला दुकान असलेली, लीड्सला शिकवणारी, हॅलिफॅक्सला संसार थाटलेली. तुमच्या मुलाच्या बसस्टॉपवर उभी राहिलेली. आउश्विट्झ पोलंडमध्ये आहे आणि आपला त्याच्याशी काय संबंध, असं म्हणायला ही जागा वावच ठेवत नाही.

यूजीन ब्लॅक यांचंच घ्या. जन्म १९२८, गाव मुंकाच, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातलं. मूळ नाव येनो श्वार्त्झ. मे १९४४ मध्ये हा सोळा वर्षांचा मुलगा शाळेतून घरी येत होता, तर दारात जर्मन लष्कराचा ट्रक उभा. घरच्यांना ढकलत ढकलत त्यात चढवत होते. त्यालाही चढवलं. आउश्विट्झच्या फलाटावर आई आणि बहिणी एका बाजूला गेल्या, तो दुसऱ्या बाजूला. तिथून बुखेनवाल्ड, मग डोरा, जिथे डोंगरात बोगदे खणून कैद्यांकडून रॉकेटं बनवून घेत. शेवटी बेर्गेन-बेल्सन. १५ एप्रिल १९४५ ला ब्रिटिश सैन्य तिथे पोचलं तेव्हा तो जिवंत होता. पुढे त्याच सैन्यासाठी त्याने दुभाष्याचं काम केलं, एका इंग्लिश मुलीशी लग्न केलं, १९४९ मध्ये इंग्लंडला आला आणि मार्क्स अँड स्पेन्सरमध्ये नोकरीला लागून व्यवस्थापक झाला.

आई आणि बहिणी त्याच दिवशी विषारी वायूने मारल्या गेल्या असं त्यांनी साठ वर्षं धरून चाललं होतं. मग जर्मनीतल्या बाड आरोल्सनच्या अभिलेखागारातले कागद संशोधनासाठी खुले झाले. त्यांत बहिणींची नावं सापडली. त्या मजूर म्हणून गेल्सनकिर्शनच्या तेल कारखान्यात पाठवल्या गेल्या होत्या. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी त्या कारखान्यावर बॉम्ब टाकले. ज्यू कैदी बायकांना निवाऱ्यात शिरायला मज्जाव होता. बहिणी तिथे गेल्या. भावाला हे ऐंशीच्या घरात पोचल्यावर कळलं. म्हणजे ज्या बाजूने त्याला सोडवलं, तिच्याच बॉम्बखाली बहिणी गेल्या, आणि तिथे त्या पोचल्या त्या नाझींनी गुलाम करून नेल्या म्हणून. एवढं एक कुटुंब नीट समजून घ्यायला एक दुपार लागते. साठ लाख हा आकडा त्यानंतर उच्चारावा.

यूजीन यांची मुलगी लिलियन ब्लॅक यांनी हे केंद्र उभं राहावं म्हणून वर्षानुवर्षं खस्ता काढल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये कोविडने त्या गेल्या. २०१६ मध्ये वडील गेले, चार वर्षांनी त्या. अशी माणसं आता एकेक करून संपत चालली आहेत. समोर बसून ऐकायची संधी आपल्या पिढीला थोडीफार मिळाली. त्या नातीच्या पिढीला मिळणार नाही.

"त्या अर्थाने नाही" म्हणणाऱ्यांचा अर्थ मला माहीत आहे. शिस्त. वक्तशीरपणा. गाड्या वेळेवर.

ठीक, गाड्यांबद्दल बोलू. ज्यूंना छावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांचं जर्मन रेल्वे रीतसर भाडं लावत असे. माणशी, दर किलोमीटरला चार फेनिग, तिसऱ्या वर्गाचा, फक्त जाण्याचा दर. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट. चार वर्षांखालची मुलं फुकट. चारशेहून जास्त माणसं एकदम असली की गटासाठी सवलत. कुणीतरी कार्यालयात बसून हा हिशेब केला, बिल पाठवलं, पैसे जमा झाल्याची नोंद केली आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवला. वक्तशीरपणा होता, यात शंका नाही.

आणि सुशिक्षितपणाही होता. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनजवळ वानसे तळ्याकाठच्या एका बंगल्यात पंधरा वरिष्ठ अधिकारी जमले. युरोपातल्या सगळ्या ज्यूंना कसं संपवायचं, कोणत्या खात्याने काय करायचं, याची बैठक. दीडेक तासात आटोपली. त्या पंधरांपैकी निम्म्याहून अधिक जणांकडे डॉक्टरेट होती. आपल्या घरांत पोराच्या पदवीला केवढा मान असतो. पदवीने माणूस शहाणा होतो, ही आपली श्रद्धा. वानसेची उपस्थितांची यादी एकदा जरूर वाचावी.

सुरुवात मात्र छावण्यांपासून झाली नव्हती. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चान्सेलर झाला. मार्चमध्ये डाखाउची छावणी उघडली, राजकीय विरोधकांसाठी, आणि त्याच आठवड्यात संसदेने आपले अधिकार त्याच्या हातात दिले. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार. मग सरकारी नोकऱ्यांतून हकालपट्टी. १९३५ मध्ये नागरिकत्व गेलं, लग्नांवर बंदी आली. १९३८ मध्ये पासपोर्टवर लाल शिक्का. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात देशभर सिनेगॉगं जाळली, दुकानं फोडली. प्रत्येक पायरीवर शेजाऱ्यांनी स्वतःशी म्हटलं असणार की एवढंच, याच्यापुढे काही होणार नाही. काही जणांना तर बरंच वाटलं. रिकामं झालेलं घर कुणाला तरी मिळालंच ना, आणि रिकामी खुर्चीही.

देशाचं भलं केलं म्हणता? पन्नास लाखांहून जास्त जर्मन सैनिक त्याच्या युद्धात मेले. बर्लिनचा ढिगारा झाला. देशाचे दोन तुकडे झाले आणि पंचेचाळीस वर्षं तसेच राहिले. आणि अपंग व मनोरुग्ण जर्मन माणसांना, म्हणजे त्याच्याच देशाच्या लेकरांना, १९४० आणि ४१ या दोन वर्षांत वायूच्या खोल्यांत घालून मारलं, ते सत्तर हजारांच्या आसपास. कुणाच्या घरात मतिमंद मूल असेल, तर त्यांनी "हिटलर पाहिजे" म्हणणाऱ्याला उंबऱ्याच्या आतही घेऊ नये.

आता लीड्सकडे वळते, कारण हे शहर या कहाणीत नुसतं मुक्कामाचं गाव नाही.

किर्कगेट मार्केट माहीत असेल. लीड्सच्या मराठी बायका तिथे मेथी आणि मासे घ्यायला हमखास जातात. १८८४ मध्ये तिथे मायकल मार्क्स नावाच्या ज्यू फेरीवाल्याने एक टपरी मांडली. प्रत्येक वस्तू एका पेनीला. झारच्या साम्राज्यातलं स्लोनिम गाव सोडून तो आला होता, इंग्रजी धड येत नव्हतं. त्या टपरीचं मार्क्स अँड स्पेन्सर झालं, जिथून तुम्ही जावयासाठी शर्ट घेता. १९०० मध्ये लिथुआनियातून एक पोरगा आला. तो पुढे मॉण्टेग्यू बर्टन झाला. लीड्सच्या हडसन रोडवर त्याचा शिलाई कारखाना एवढा वाढला की दहा हजार माणसं तिथे कामाला होती. ही माणसं वेळेवर निघाली. स्लोनिममध्ये मागे राहिलेल्या ज्यूंना १९४१-४२ मध्ये खड्ड्यांच्या काठी उभं करून गोळ्या घातल्या, जवळजवळ सगळ्यांना. लिथुआनियातल्या ज्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मारले गेले. पन्नास वर्षं आधी कुणी बोचकं उचललं आणि कुणी नाही, फरक तेवढाच. परदेशात मुलं पाठवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे कळायला अवघड जाऊ नये.

लीड्सही काही धुतल्या तांदळाचं नव्हतं. जून १९१७ मध्ये इथल्याच जमावाने लेलँड्स भागातली ज्यूंची घरं आणि दुकानं फोडली होती. पण २७ सप्टेंबर १९३६ चा रविवार बघा. ऑस्वाल्ड मोस्ली हा ब्रिटनमधला हिटलरभक्त. त्यालाही वाटत होतं की ब्रिटनला एक हिटलर पाहिजे आणि तो आपणच. काळ्या शर्टातले हजारभर लोक घेऊन तो लीड्समध्ये आला. लेलँड्समधून, म्हणजे ज्यू वस्तीतून मिरवणूक काढायची होती. ती परवानगी नाकारली गेली. मग होल्बेक मूरच्या मैदानावर सभा ठेवली. तिथे लीड्सचे तीस हजार लोक त्याच्या विरोधात जमले. शिंपी, गिरणी कामगार, कम्युनिस्ट, ज्यू, ख्रिश्चन. दगडांचा वर्षाव झाला आणि मोस्लीलाही लागला. मोस्लीची मिरवणूक अडवणारी लंडनच्या केबल स्ट्रीटची लढाई सगळ्यांना ठाऊक असते. ती याच्यानंतर आठवड्याने झाली. मोस्लीने त्याच्याच दोन दिवसांनंतर बर्लिनमध्ये गोबेल्सच्या घरी लग्न केलं, हिटलर पाहुणा होता.

मी दगडफेकीची बाजू घेत नाही. पण त्या कामगारांना एक गोष्ट कळली होती, जी आपल्याकडच्या पदवीधर दिवाणखान्यांत अजून कळलेली नाही. खंबीर नेता मागणाऱ्याने त्याच्या यादीत आपलं नाव कितव्या पानावर येईल ते आधी तपासावं.

भारतीयांचं नाव कितव्या पानावर होतं, तेही लीड्सच सांगतं. टेंपल न्यूसमला मुलांना घेऊन गेला असाल, शेतावरची डुकरं आणि मेंढ्या बघायला. तो वाडा आणि ती जमीन एका एडवर्ड वुड नावाच्या उमरावाच्या मालकीची होती. १९२२ मध्ये त्याने ती लीड्सच्या नगरपालिकेला विकली. हाच माणूस पुढे भारताचा व्हाइसरॉय झाला, लॉर्ड आयर्विन. १९३१ चा गांधी-आयर्विन करार शाळेत पाठ केलाय आपण. पुढे तो लॉर्ड हॅलिफॅक्स झाला आणि नोव्हेंबर १९३७ मध्ये हिटलरला भेटायला गेला. भारताचा विषय निघाला. हिटलरचा सल्ला सरळ होता: गांधींना गोळी घाला. तेवढ्याने भागलं नाही तर काँग्रेसचे डझनभर पुढारी मारा, तेही पुरलं नाही तर दोनशे. त्या भेटीला हजर असलेल्या ब्रिटिश मुत्सद्द्याने हे लिहून ठेवलं आहे. त्या डझनभरांत कोण आले असते? नेहरू आले असते, पटेल आले असते. आणि त्या दोनशेंत तुमच्या तालुक्याचे स्वातंत्र्यसैनिकही आले असते, ज्यांचं नाव तुमच्या चौकाला आहे.

इथे कुणीतरी नेताजींचं नाव काढतंच. जरूर काढा, पण पूर्ण सांगा. १९३६ मध्ये हिटलरच्या वंशवादी वक्तव्यांचा सुभाषबाबूंनी जाहीर निषेध केला होता. १९४२ मध्ये भेट झाली तेव्हा 'माईन काम्फ'मधल्या भारतीयांबद्दलच्या अपमानास्पद मजकुराचा विषय त्यांनी स्वतः काढला. गुलाम देशाचा नेता शत्रूच्या शत्रूकडे मदत मागायला गेला होता. त्याला 'आम्हाला तुमच्यासारखाच माणूस हवा' असं सांगायचं नव्हतं.

आणि आपण? रायगड जिल्ह्याचंच बघू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वज गलबत फुटून आले असं बेने इस्रायल समाज सांगतो. कोकणात तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनिवार तेली झाले, मराठी बोलले, मराठीत कीर्तनं केली. शेकडो वर्षं त्यांच्या दारावर कुणी खूण केली नाही. जगात फार थोड्या समाजांना ही गोष्ट अभिमानाने सांगता येते, त्यांत आपण आहोत. त्याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांची तुकडी जर्मन मशीनगनच्या माऱ्यात सापडली. सोबतचे सगळे पडले. हा बावीस वर्षांचा गडी एकटा त्या मोर्चावर धावून गेला, गोळ्या संपल्या तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्यांना दस्त्याने लोळवलं, आणि मग लपलेल्या जर्मन नेमबाजाच्या गोळीने पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी इटलीतच सेनियो नदीच्या काठी तोच सन्मान मिळवला. ही मराठी पोरं हिटलरच्या सैन्याशी लढली.

आणि त्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, २००६ मध्ये 'हिटलर्स क्रॉस' नावाचं हॉटेल निघालं. भिंतीवर त्याचा फोटो, नावाच्या पाटीत नाझींचं स्वस्तिक. ज्यू समाजाने आवाज उठवल्यावर नाव बदललं. पण उद्घाटनाच्या दिवशी फीत कापताना कुणाला काही वाटलं नाही, याचं काय? २०२४ मध्ये झी मराठीवर 'नवरी मिळे हिटलरला' ही मालिका सुरू झाली. नायक कडक आहे, एवढंच सांगायचं होतं. कडक माणसासाठी मराठीत खडूसपासून जमदग्नीपर्यंत शब्द पडलेत. लाखो घरांत रोज रात्री जेवताना ते नाव लाडाने घेतलं गेलं. नवगावच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या घरीही टीव्ही असेलच. फुटपाथवरच्या पुस्तकवाल्याकडे 'माईन काम्फ'चं मराठी भाषांतर अजूनही प्रेरणादायी पुस्तकांच्या ढिगात दिसतं. ॲन फ्रँकची डायरी त्याच्या शेजारी असेल असं नाही.

गंमत वाटावी असा प्रकार आहे, पण मला संताप येतो: आपल्याकडे एकच माणूस सकाळी इस्रायलच्या शौर्याचा व्हिडिओ पाठवतो आणि दुपारी हिटलरच्या शिस्तीचा. त्याला दोन्हींत आवडतं ते एकच, कुणाला तरी चिरडणं. आणि दुसरीकडून प्रश्न येतो की गाझात जे चाललंय त्याचं काय. विचारायलाच हवा हा प्रश्न, मोठ्याने विचारायला हवा. गाझातल्या पोरासाठी ज्याचा जीव तुटतो त्याला मुंकाचच्या पोराचं दुःख कळायला अडचण पडू नये. मेलेल्या मुलांना आपापसात भांडायला लावणं मला मान्य नाही.

विंडरमिअरला जालच, तर तिथलंही एक सांगून ठेवते. ब्रिटनने मुलं वाचवली हे खरं. नोव्हेंबर १९३८ नंतर नऊ-दहा महिन्यांत अंदाजे दहा हजार मुलं गाड्यांतून आणि बोटींतून इथे आली. पण मुलांनाच परवानगी होती, आईबापांना नाही. माणसं फलाटावर मुलांना सांगत की आम्ही मागून येतो. पुढे युद्ध सुरू झालं आणि रेडक्रॉसच्या छापील फॉर्मवर पंचवीस शब्द लिहायची तेवढी सोय उरली. पंचवीस शब्दांत आई काय काय लिहील? जेवतेस ना, स्वेटर घालतेस ना, आम्ही बरे आहोत. मग एक दिवस तेही थांबलं. बहुतेकांची आईबापांशी पुन्हा भेट झाली नाही.

युद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारने छावण्यांतून वाचलेल्या सोळा वर्षांखालच्या एक हजार अनाथ मुलांना घ्यायची तयारी दाखवली. शोधाशोध झाली. ७३२ मिळाली. हजार भरली नाहीत. त्यातली पहिली तीनशे ऑगस्ट १९४५ मध्ये प्रागहून विमानाने आली आणि विंडरमिअरच्या काठी, विमान कारखान्याच्या कामगारांसाठी बांधलेल्या घरांत राहिली. जेवणाच्या टेबलावर पाव ठेवला की क्षणात नाहीसा व्हायचा. मुलं तो कपड्यांत लपवून ठेवत, उद्या मिळेल याची खात्री नव्हती म्हणून. त्यांत पोलंडच्या शेराज गावचा आरेक हेर्श होता. पहिल्या छावणीत टाकला तेव्हा अकरा वर्षांचा. पुढे तो लीड्सला स्थायिक झाला आणि वर्षानुवर्षं शाळाशाळांत जाऊन बोलला. त्या बोटीच्या फेरीत आइस्क्रीम खा, खुशाल खा. फक्त मुलांना हेही सांगा.

लहानांना न्यावं का, असं आया विचारतात. आउश्विट्झचं संग्रहालयच चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नका असं सुचवतं. आपल्या मुलाला आपण ओळखतो, त्याप्रमाणे ठरवावं. माझी खरी काळजी साठीच्या पुढच्यांची आहे. मुलांना शाळेत शिकवतात. काकांना कोण शिकवणार?

तर लीड्स, ब्रॅडफर्ड, हडर्सफील्डच्या मराठी मंडळींना एक थेट विनंती. जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी हॉल घेता. त्याच महिन्याच्या २७ तारखेला आउश्विट्झ मुक्त झालं आणि २००१ पासून ब्रिटनमध्ये हा दिवस पाळतात. त्या आठवड्यात एक सहल ठरवा. आलेल्या आईबाबांना, काका-काकूंना न्या. केंद्र विद्यापीठाच्या इमारतीत आहे, उघडं असण्याचे वार ठरलेले असतात, आधी बघून घ्या. हडर्सफील्ड स्टेशनवरून चालत जाता येतं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी टॅक्सी करा. दोन-तीन तास राखून ठेवा. आत फोटो काढत फिरू नका, पाट्या वाचा. इंग्रजी जड जात असेल तर नातवंडांना वाचून दाखवायला सांगा, मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.